म्युझियममधल्या चित्रकलेच्या वर्गाला पहिल्यांदा जाताय? नागपूरकरांसाठी, अगदी सुरुवातीपासून

दर रविवारी आमच्या वर्गाला एखादं तरी नवीन कुटुंब येतं आणि दारातच तेच प्रश्न सुरू होतात, रंग कोणते आणायचे होते, आम्ही बाहेर थांबायचं का, याला चित्र अजिबात येत नाही पण चालेल ना. तीन वर्षांपूर्वी मी पण पोरीचा हात धरून हेच विचारत उभी होते. आता मी वर्गात नवीन लोकांना बसवायला मदत करते, म्हणून जे दर वेळी तोंडी सांगते ते एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक फरक समजून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. कॉलनीतल्या हॉबी क्लासमध्ये सर फळ्यावर चित्र काढतात, मुलं ते उतरवतात, दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी. म्युझियमच्या वर्गात फळाच नसतो. समोर खरी वस्तू असते, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची दगडी मूर्ती, जुनी तलवार, भुसा भरलेला पक्षी, आणि काम असतं ते तिच्याकडे बघायचं. चित्र त्यातून निघतं. म्हणून वर्ग संपल्यावर पोराच्या हातात फ्रेम करण्यासारखं काही नसेल, अर्ध्याच रेघा असतील, तर वर्ग वाया गेला असं समजू नका.

वर्ग शोधायचा कुठे

म्युझियमचे वर्ग शाळेसारखे बारा महिने नसतात. बहुतेक वेळा तीन प्रकार दिसतात: एका दिवसाची कार्यशाळा, उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर, आणि शनिवार-रविवारचा नियमित वर्ग. नवीन माणसाने कार्यशाळेपासून सुरुवात करावी, पैसे कमी अडकतात आणि पोराला आवडतंय का ते कळतं. सिव्हिल लाइन्समधलं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, 1863 पासूनचं आहे. तिथल्या आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या नोटीस बोर्डावर नजर ठेवा, शासकीय चित्रकला महाविद्यालयातली प्रदर्शनं बघायला जा, तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं की शहरात कोण काय शिकवून राहिलं याची खबर लागते. हे सगळ्यात खात्रीचं.

फोन केला की चार गोष्टी विचाराच. एका शिक्षकामागे मुलं किती. मोठ्यांना बसू देतात का. सामान त्यांचं की आपलं. आणि दालनात बसून काढू देतात की वेगळ्या हॉलमध्ये बसवून फोटो वाटतात. चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फोटोवरूनच काढायचं असेल तर ते घरी पण होतं ना, त्यासाठी म्युझियमपर्यंत कशाला जायचं.

आणि एक कळकळीने सांगते. आधी आम्ही पोरीला एका क्लासला घातलं होतं. दर आठवड्याला सुंदर चित्र घरी यायचं, आम्ही खूश. मग एक दिवस मी लवकर घ्यायला गेले तर बघते, मॅडम पोरीचा ब्रश घेऊन स्वतः पाकळ्या रंगवत होत्या आणि पोरगी बाजूला बसून होती. घरी आल्यावर तिला कोरा कागद दिला तर म्हणते, "मॅडम नाही आहे, मी कशी काढू?" सहा वर्षांचं लेकरू! म्हणून वर्ग बघायला गेलात की भिंतीवरची चित्रं बघू नका, शिकवणाऱ्याचा हात बघा, तो मुलाच्या कागदावर जातो का. जात असेल तर दुसरीकडे जा.

सामान

खूप घेऊ नका. सीताबर्डीच्या दुकानात गेलं की सगळंच हवंसं वाटतं आणि छत्तीस रंगांची पेटी घरी येते, पहिल्या दिवशी ती उघडतही नाही. एवढं पुरतं: एक 2बी आणि एक 6बी पेन्सिल, ए4 नाहीतर ए3 मापाचा कार्ट्रिज कागद, आणि परीक्षेला नेतो ते क्लिपवालं पॅड, ते तर प्रत्येक घरी असतंच. शाळेची एचबी पेन्सिल कडक असते, तिची रेघ फिकट येते म्हणून मुलं जोर लावतात आणि कागदाला चरे पडतात. 2बी मऊ आहे, हलक्या हाताने चालते. 6बी फक्त गडद सावलीसाठी.

रंग लागलेच तर लहानांना ऑइल पेस्टल द्या, मेणाच्या खडूपेक्षा ते मऊ असतात आणि छोट्या हातालाही भरपूर रंग सुटतो. मोठ्यांना वॉटर कलरच्या वड्या, गोल ब्रश चार आणि आठ नंबर, बस. वॉटर कलर करणार असाल तर कागद मात्र जाड घ्या, 300 जीएसएमचा, पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा वळतो. आणि उन्हाळ्यात पेस्टल, खडू गाडीत विसरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बंद गाडीत त्याच्याही वर, सगळ्याचा एक गोळा होतो आणि सीटवर डाग पडतो तो निघत नाही.

खोडरबर ठेवा, पण पहिला अर्धा तास पिशवीतच. का ते पुढे सांगते.

जायचं कसं, कधी

अजब बंगल्यात जायचं असेल तर मेट्रोने झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क स्टेशनला उतरायचं आणि तिथून ऑटो. सोमवारी ते बंद असतं, सुट्टीच्या दिवशी निघायच्या आधी एक फोन केलेला बरा. एप्रिल ते जून सकाळचाच वर्ग घ्या, दुपारचा वर्ग सोयीचा वाटला तरी मुलांना घेऊन भर उन्हात परत यायचं असतं हे विसरू नका, रुमाल, पाण्याची बाटली, वाळा घातलेलं पाणी असेल तर अजून छान. हिवाळा सगळ्यात चांगला, फक्त फरशी गार लागते म्हणून बसायला जुनी चादर न्या. आजी-आजोबा येणार असतील तर घडीचं स्टूल न्यायला चालेल का ते आधी विचारून घ्या.

रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊनच सगळे निघतात, आम्ही पण. खा, पण नंतर हात साबणाने धुवा. तर्रीचं तेल बोटाला राहिलं की कागदावर उमटतं आणि त्या जागेवर पाण्याचा रंग बसतच नाही, पांढरे डाग राहतात. लोक समजतात कागद खराब निघाला.

दालनातले नियम आणि ते का आहेत

मुलांना नुसतं "हात नको लावू" म्हटलं की ते हमखास लावतात, कारण सांगितलं की ऐकतात, हा माझा अनुभव आहे. दालनात फक्त पेन्सिल, शाई किंवा पाण्याचे रंग नाही, कारण एक थेंब उडाला आणि सच्छिद्र दगडात मुरला की तो काढणं फार कठीण. मूर्तीला हात लावायचा नाही कारण आपल्या बोटाला घाम आणि तेल असतं, एका माणसाने काही होत नाही पण हजारो बोटं लागली की दगड काळा, गुळगुळीत होतो, देवळातल्या नंदीची शिंगं आठवा. तांब्या-लोखंडाला तर घामातलं मीठ खातं. फ्लॅश मारायचा नाही, आणि फोटो काढायचेच असतील तर काउंटरवर विचारून. जुन्या चित्रांच्या दालनात अंधार का असतो असं मुलं विचारतात, तर उजेडाने रंग उडतात म्हणून कागदावरच्या चित्रांसाठी म्युझियममध्ये साधारण 50 लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवायची पद्धत आहे. आत गेल्यावर पाच मिनिटं काही न करता थांबा, डोळे आपोआप सरावतात.

आणि भुसा भरलेल्या प्राण्या-पक्ष्यांना तर अजिबात हात नाही. जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आर्सेनिक असलेला साबण चोळायचे, ते विष अजूनही पिसांत असू शकतं. मोकळ्यावर ठेवलेल्या प्राण्याला चुकून हात लागलाच तर लगेच हात धुवायचे.

पहिला तास

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी सर काय करायला लावतात ते सविस्तर सांगते, कारण इथेच नवीन लोक गडबडतात.

आधी सगळ्या दालनातून एक चक्कर, कागद-पेन्सिल पिशवीत. मग आपल्याला जी वस्तू थांबवते तिच्यासमोर बसायचं. सरांनी नेमून द्यायची नाही, आईने तर नाहीच नाही. "अगं ती तलवार काढ ना, छान दिसेल" हे बंद. मग दहा मिनिटं नुसतं बघायचं. दहा मिनिटं म्हणजे खूप असतात, पहिल्या दोन मिनिटांत वाटतं झालं बघून, चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, आणि त्यानंतर एकदम गोष्टी दिसायला लागतात.

आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा "मी इथेच बेंचवर बसते, तुम्ही करा" म्हणाल्या होत्या. सरांनी त्यांना एका दगडी स्त्री-मूर्तीसमोर बसवलं, काढू नका काकू, फक्त बघा म्हणून. थोड्या वेळाने त्या मला हाक मारतात, "अगं इकडे ये, हिच्या हातात बघ, ही पाटली दिसते ना, आणि मागे गोठ आहे जाड, आणि डाव्या हातात एक कमी आहे." मी त्या मूर्तीसमोरून दहा वेळा गेले असेन, मला फक्त "बांगड्या" दिसल्या होत्या. आयुष्यभर सोन्याचे दागिने हाताळलेल्या बाईला पाटली आणि गोठ वेगळे दिसले. मग त्यांनी पेन्सिल मागितली. पूर्ण मूर्ती काढलीच नाही, फक्त एक मनगट काढलं, पण त्या मनगटावर प्रत्येक दागिना मोजून होता. तेव्हापासून त्या आमच्या आधी तयार होऊन बसतात.

बघून झालं की पहिली रेघ कागदाकडे न बघता. खरंच, कागदाकडे बघायचं नाही. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची आणि जसजशी नजर सरकेल तसतसा हात सरकवायचा, पेन्सिल उचलायची नाही. मुंगी त्या कडेवरून चाललीय असं मुलांना सांगतात. चित्र वेडंवाकडं येतं, चोच एकीकडे आणि डोळा बाहेर, पण त्या रेघेत एक खरेपणा असतो कारण ती पाठांतराची नसते. एरवी पक्षी म्हटलं की आपला हात न बघताच इंग्रजी एम सारखा आकार काढतो, डोळा म्हटलं की बदाम काढतो. ती सवय या एका खेळाने सुटायला लागते. असं तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी नवीन कागद, दोन-दोन मिनिटं.

मग पॅड मांडीवर घेऊन नीट चित्र. रबर का नको ते इथे कळतं. रबर हातात असलं की मुलं एक रेघ काढतात आणि तीच वीस वेळा खोडतात, अर्ध्या तासात कागदाला भोक. रबर नसलं की चुकलेल्या रेघेच्या बाजूला दुसरी रेघ येते, आणि चुकलेली समोर असल्याने किती चुकली ते दिसतं, हात पुढच्या वेळी सुधारतो. मापासाठी पेन्सिल हात सरळ ठेवून डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा, डोकं पेन्सिलीवर अंगठ्याने मोजा आणि बघा सगळी मूर्ती किती डोक्यांची आहे. मोठ्यांना हे आवडतं, लहानांना यात ओढू नका.

आई-बाबांनो, मुलाच्या बाजूला बसताना

सात-आठ वर्षांपर्यंतचं मूल कागदाच्या खालच्या कडेला जमिनीची एक रेघ मारतं, वर आकाशाची निळी पट्टी, आणि मध्ये सगळं रिकामं. आवडती गोष्ट मोठी, नावडती छोटी. घर काढलं तर भिंतीतून आतली माणसं पण दिसतात. हे चुकलेलं नाही, त्या वयात जगभरची मुलं असंच काढतात आणि वय वाढलं की ते आपोआप बदलतं. "आकाश इतकं वर असतं का रे" म्हणून दुरुस्त करू नका.

"हे काय काढलं?" असं पण विचारू नका, मुलाला वाटतं ओळखू येत नाही म्हणजे वाईट आहे. "मला याच्याबद्दल सांग" म्हणा, मग बघा किती बोलतं. मी स्वतः एकदा चुकले ते सांगते. पोरीने तुटलेल्या हाताची मूर्ती निवडली होती आणि जिथे हात तुटला तिथला खडबडीत दगड ती बारीक बारीक टिंबांनी भरत होती. मी वाकून म्हटलं, "अगं हात पूर्ण कर ना, छान दिसेल." तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तिथे हात नाहीच आहे." आणि मग तिने ते चित्र सोडूनच दिलं, परत हात लावला नाही. अर्धवट टिंबांचा तो कागद माझ्याकडे आहे. ती जे बघत होती तेच काढत होती, मी तिला न दिसणारं काढायला सांगत होते.

म्हणून मोठ्यांनी मागे उभं राहूच नये. स्वतःचा कागद घ्या आणि बसा. फोन पिशवीत. तुम्ही काढायला लागलात की मुलाच्या कागदाकडे बघायला तुम्हाला वेळच नसतो, आणि मुलाला पण दिसतं की बाबांची रेघ वाकडी जाते तरी ते थांबत नाहीत. वर्गात येणाऱ्या बहुतेक मोठ्यांनी शेवटचं चित्र सातवी-आठवीत काढलेलं असतं, तेव्हा कोणीतरी हसलं किंवा मार्क कमी आले आणि हात बंद झाला. तो हात तिथूनच, तेवढ्याच वयाचा सुरू होतो. पन्नाशीच्या काकांचं चित्र बारा वर्षांच्या मुलासारखं दिसणं अगदी स्वाभाविक आहे. पाच-सहा रविवार द्या.

प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले, 1922 चा जन्म. लहानपणी मन एका जागी ठरत नव्हतं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे ते याच नागपुरात चित्रकला शिकले, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला, मग पॅरिसला, आणि किती वर्षांनी तोच ठिपका बिंदू होऊन त्यांच्या चित्रात परत आला. दहा मिनिटं बघत बसायला कंटाळलेल्या मुलांना मी हे नेहमी सांगते. आणि दुसरे मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांचा तर जन्मच नागपूरचा, 1924 चा, हे किती नागपूरकरांना माहीत असतं?

रंग आणि माती

रंगाचं काम दालनाबाहेर, हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात होतं. आपल्या हवेचं एक लक्षात ठेवा: उन्हाळ्यात वॉटर कलरचा हात फिरवला की पाठ फिरेपर्यंत वाळतो आणि कडेला कडक रेघ राहते. पुस्तकात जे ओल्यावर ओलं करून रंग मिसळायला सांगतात ते मेमध्ये जमत नाही म्हणून निराश होऊ नका, कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्या आणि छोट्या छोट्या भागात काम करा. कूलरच्या झोतात तर बसूच नका, कागद उडतो आणि तुषारांचे ठिपके पडतात. पावसाळ्यात उलटं, रंग वाळतच नाही आणि कागद नरम पडतो, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

गोंड आणि वारली चित्रांच्या कार्यशाळा खूप होतात. जा, पण नुसती टिंबं भरायला शिकवून सोडणाऱ्या नको. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, तर इथल्या मुलाला गोंड चित्र म्हणजे काय हे नीट कळायला हवं. भिंतीवरच्या लिंपण-चित्रांमधून ते आलं, गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी ते कागदावर आणि कॅनव्हासवर नेलं, आणि प्रत्येक चित्रकाराची टिंबा-रेघांची भरण्याची पद्धत वेगळी, सही असावी तशी. म्हणून चांगले शिक्षक मुलाला स्वतःचा भरणा शोधायला लावतात, कोणी तांदळाचे दाणे करतं, कोणी माशाचे खवले.

पोळ्याच्या सुमाराला, गणपतीच्या आधी, मातीच्या कार्यशाळा लागतात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवायची कार्यशाळा असेल तर लहानांना हमखास न्या, बैलाची झूल कोणत्या रंगाची यावर दोन तास निघतात. शाडूच्या गणपतीसाठी तीन गोष्टी शिकून घ्या. माती कानाच्या पाळीइतकी मऊ मळायची. सोंड, हात असे जोडायचे भाग नुसते चिकटवायचे नाही, दोन्हीकडे काडीने आडवे-उभे चरे पाडून मध्ये पातळ माती लावायची आणि मग दाबायचं, नाहीतर वाळताना गळून पडतात. आणि वाळवायचं सावलीत, वर ओलसर फडकं टाकून, हळूहळू, कारण बाहेरची माती आधी आकसली की तडे जातात. वर्गाच्या आधी एखाद्या संध्याकाळी मूर्तिकारांच्या चितार ओळीत चक्कर मारून या. मुलांना तिथे उभं राहून बघू द्या, कारागीर बोटाला पाणी लावून मूर्तीची पापणी कशी फिरवतात ते. कामात असतात, त्यामुळे गर्दी करू नका, पण शांत मुलाला सहसा कोणी हटकत नाही.

परीक्षेचं विचारणारे पण खूप असतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांसाठी वेगळी तयारी लागते, भूमिती, अक्षरलेखन, संकल्पचित्र हे म्युझियमच्या वर्गात होत नाही. वस्तुचित्र आणि स्मरणचित्राला मात्र या बघण्याचा थेट उपयोग होतो. दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून पाठवायचं असेल तर वेगळा क्लास लावा, आणि इथे रविवारी त्याला मार्कांशिवाय बसू द्या.

घरी आल्यावर

प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने तारीख, जागा आणि वस्तूचं नाव लिहा. पेनने नको, काही वर्षांनी शाई पुढे फुटते. पेस्टलच्या चित्रावर बटर पेपर ठेवा, नाहीतर पुढचं चित्र खराब होतं. सगळी चित्रं एका सपाट फाइलमध्ये, गुंडाळी करून माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात कागद कडक होऊन उलगडताना फाटतो. फ्रिजवर एखादं लावा, कोणतं ते मुलाला ठरवू द्या. आमच्या फ्रिजवर सध्या सासूबाईंचं मनगट आहे, पोरीनेच लावलंय, आणि त्याच्या खाली तिने लिहिलंय, "गोठ, पाटली, गोठ, एक कमी".